शुकशुकाटाची राखण

गेल्या रविवारी आमच्या इंदूरच्या कॉलनीतल्या मंदिराच्या हॉलमध्ये रहवासी संघाची बैठक झाली. विषय एकच. कोपऱ्यावरचे दोन बंगले एका बिल्डरने घेतले आहेत आणि ते पाडून तिथे मल्टी उठवायची आहे. (मल्टी म्हणजे बहुमजली इमारत. हा खास इंदुरी शब्द, पुण्याच्या पाहुण्यांना दर वेळी समजावून सांगावा लागतो.) खाली पार्किंग, वर चार मजले, एकूण 16 फ्लॅट. बैठक अडीच तास चालली, चहा दोनदा फिरला, एका काकांनी तिसऱ्यांदा माइक मागितला तेव्हा काकूंनीच त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. एवढं सगळं होऊनही घरी येताना मला वाटत राहिलं की आपण भांडलो ते भलत्याच गोष्टीवर. विरोध करणारे म्हणत होते, ही निवृत्त माणसांची शांत वसाहत आहे, तिची शांतता मोडू नका. बाजूने बोलणारे म्हणत होते, मल्टी आली की जागेला भाव येईल. दोघांनीही एक गोष्ट न बोलता मान्य केली होती, ती म्हणजे कॉलनीचं आज जे चाललंय ते बरं चाललंय.

ते बरं चाललेलं नाही. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: मल्टी व्हावी. बिल्डरने परवा टेबलावर पसरलेल्या नकाशाप्रमाणे नव्हे, आपल्या अटींवर व्हावी, पण व्हावी. यात माझा फायदा काही नाही, उलट तोटाच आहे. त्या कोपऱ्यापासून आमचं घर तिसरं. चार मजले उठले की थंडीतलं सकाळचं ऊन आमच्या ओट्यावर तासभर उशिरा येईल, आणि आमच्या ह्यांचा पेपर, चहा आणि गुडघ्याला तेल लावण्याचा सगळा कार्यक्रम त्या उन्हावर बेतलेला आहे. हे मी घरात सांगितलं तेव्हा जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

ही वसाहत 'निवृत्तांची' कधी झाली? कोणी ठरवलं होतं का? आमच्या सोसायटीने प्लॉट पाडले तेव्हा ते घेणारे सगळे तीस-पस्तिशीतले नोकरदार होते. कोणी बँकेत, कोणी वीज मंडळात, कोणी शाळेत. रामबाग, नारायणबाग, राजवाड्यामागच्या गल्ल्या अशा ठिकाणच्या दोन-दोन खोल्यांतून, भाड्याच्या वाड्यांतून उठून आलेली ही मंडळी. माझ्या सासूबाई पहिल्यांदा प्लॉट बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "इथे संध्याकाळी कुंकवाला कोण येणार?" सगळं रान होतं. आम्ही ते रान भरलं. घराघरात तीन पिढ्या, वर एखादा भाडेकरू, दारात लुना, संध्याकाळी रस्त्यावर क्रिकेट आणि फुटलेल्या काचांची भांडणं. मग मुलं शिकली. इंदुरात शिकली आणि पुण्याला गेली, बेंगळुरूला गेली, त्याच्याही पलीकडे गेली. मागे राहिलो ते आपण. म्हणजे निवृत्तांची वसाहत कोणी वसवली नाही. इतर सगळे उठून गेल्यावर जे उरलं त्याला आपण हे नाव दिलं, आणि आता ते नाव असं मिरवतो आहोत की जणू ते आपलं ब्रीद होतं.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला मी आणि शेजारच्या वहिनी कॉलनीत एक फेरी मारून आलो. हातात कागद-पेन्सिल. 42 प्लॉट. दिवा लागलेली घरं 27. त्यातल्या बारा घरांत एकच माणूस. साठीच्या आतलं माणूस असलेली घरं सात, आणि त्यात एक रात्रपाळीची आया धरली आहे. बाकी 15 घरांत काळोख. काही मुलांच्या नावावर, काही कोर्टात, काही 'बघू, दिवाळीत आलो की ठरवू' या अवस्थेत. एका फाटकाला विड्याच्या पानांचा वेल असा गुंडाळलाय की आता कडी उघडायला कोयता लागेल.

मराठीत शांतता आणि शुकशुकाट असे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगीच नाहीत. दुपारी पोरं शाळेत गेल्यावर घरात असते ती शांतता, कारण चार वाजता ती मोडणार असते. कोणीच परत येणार नसतं तेव्हा शुकशुकाट. आपण रविवारी अडीच तास ज्याची राखण करत होतो तो शुकशुकाट होता.

हे शब्दांचे खेळ वाटत असतील तर मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्याच गल्लीत एकट्या राहणाऱ्या एक काकू रात्री बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मोबाइल पलंगावर. त्यांनी हाका मारल्या, पण ऐकणार कोण? डावीकडचा बंगला बंद, उजवीकडे दोघं, दोघांनाही कमी ऐकू येतं. सकाळी दूधवाल्याने तीनदा घंटी वाजवली, मग त्याला आदल्या संध्याकाळची पिशवी दाराच्या मुठीला तशीच लटकलेली दिसली, तेव्हा तो माझ्याकडे धावत आला. त्यांची चावी माझ्याकडे असते. आत गेलो तेव्हा काकू शुद्धीवर होत्या आणि पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "फरशी ओली आहे, जपून ये." त्या वाचल्या. दूधवाला पिशवीकडे बघणारा निघाला म्हणून वाचल्या. त्या रात्री गल्ली अगदी शांत होती, तक्रारीला जागाच नव्हती.

आता विरोधकांच्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे त्याकडे येते. त्यातलं सगळ्यांत वजनदार बैठकीत जवळजवळ बोललंच गेलं नाही. शेवटी दाराशी चपला शोधताना एक आजोबा हळूच म्हणाले, "दोन वर्षं बांधकाम चालेल म्हणतात. मला दोन वर्षं आहेत का?" ऐंशीच्या माणसाची दोन वर्षं आणि बिल्डरची दोन वर्षं सारखी नसतात. धूळ, ड्रिलिंग, रात्री उतरणारी गिट्टी, पहाटे सुरू होणारा मिक्सर. कोणाला दमा आहे, कोणाची झोप आधीच चार तासांवर आली आहे. जी इमारत पुढच्या वीस वर्षांच्या भल्यासाठी बांधायची तिची किंमत ज्यांना ती वीस वर्षं मिळणारच नाहीत त्यांनी का द्यावी? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कामाचे तास बांधून घेता येतील, दुपारी एक ते चार काम बंद ठेवायला लावता येईल, हिरवी जाळी आणि पाण्याचा फवारा लेखी घेता येईल. तरी त्रास होणारच. मी एवढंच म्हणेन की आपल्यापैकी कोणीतरी ही किंमत देईल, आणि ती मागताना 'विकासासाठी थोडी गैरसोय' असली भाषा निदान आपण आपसात वापरू नये. मात्र हेही तितकंच खरं की मल्टी अडवली म्हणून ते दोन बंगले तसेच उभे राहणार नाहीत. ते विकले गेले आहेत. तिथे काही ना काही पाडलं जाणार, बांधलं जाणार. धूळ ठरलेलीच आहे, फक्त ती खाऊन आपल्याला शेजार मिळणार की आणखी एक उंच फाटक, एवढाच निर्णय उरला आहे.

दुसरा मुद्दा पाण्याचा. हा नुसत्या भावनेचा नाही. इंदूरच्या माणसाला पाण्यावर शिकवायला कोणी येऊ नये. आपण नर्मदेचं पाणी पितो, म्हणजे नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर अंतर कापून, घाट चढवून आणलेलं पाणी. 1970 साली त्यासाठी हे शहर रस्त्यावर उतरलं होतं. अभ्यास मंडळ या इथल्या नागरिकांच्या चर्चामंचातली मंडळी, विद्यार्थी, सगळ्या पक्षांचे लोक. 1978 मध्ये पाणी आलं. इतक्या लांबून, इतक्या उंचावर पाणी चढवायचं तर खर्च किती, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही पंपांच्या वीजबिलात तो दर महिन्याला हजर असतो. पण ते पाणी आलं नसतं तर यशवंत सागर आणि बिलावली या तलावांच्या भरवशावर हे शहर किती वाढलं असतं? आपले प्लॉट तरी पडले असते का? रास्त प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर शोधायचं, ही तेव्हाची रीत. रास्त प्रश्न विचारायचा आणि तिथेच बैठक संपवायची, ही आताची.

म्हणून मी आकडे मांडून पाहिले. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला 135 लिटर धरायची पद्धत आहे. 16 फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तर 64 माणसं, म्हणजे साडेआठ हजार लिटरच्या थोडं वर. वाचताना घाबरायला होतं खरं. पण 1990 च्या सुमारास या 42 घरांत किती माणसं होती? घरटी पाच धरली, आणि भाडेकरू मोजलेच नाहीत, तरी दोनशेच्या वर. आज आपण पन्नासही नाही. मल्टीतले 64 मिळवले तरी तेव्हाच्या निम्म्याच्या आसपास येतो. 'इतक्या माणसांचा बोजा कॉलनीला पेलणार नाही' असं म्हणणाऱ्यांनी आठवावं की त्यांच्याच घरात एके काळी सात माणसं आंघोळीसाठी रांग लावत होती. हां, दोन गोष्टी बदलल्या आहेत आणि त्या झाकून चालणार नाही. तेव्हा बोअरिंगला जिथे पाणी लागायचं तिथे आता नुसता धुरळा निघतो, आणि ड्रेनेजची लाइन तेव्हाचीच आहे, मुळं शिरून अर्धी बुजलेली. म्हणजे मागणी काय हवी? नवीन बोअरिंग खणायचं नाही, गच्चीचं पाणी जमिनीत मुरवायची व्यवस्था आधी दाखवायची, आणि मुख्य लाइनपर्यंतचं ड्रेनेज बिल्डरने स्वखर्चाने बदलून द्यायचं. ही लाइन बदलून द्या म्हणून आपण गेली कित्येक वर्षं अर्ज करतोय. दोन बंगल्यांसाठी ती कोणी बदलणार नाही, सोळा फ्लॅट विकायचे असतील तर बदलावीच लागेल.

तिसरा मुद्दा अविश्वासाचा. 'परवानग्या कशा मिळतात ते आम्हाला माहीत आहे', हे वाक्य बैठकीत सात-आठ वेळा आलं. ज्या शहराने 30 मार्च 2023 ची रामनवमी पाहिली त्या शहरात हे वाक्य कोणी हसण्यावारी नेऊ नये. पटेल नगरमधल्या मंदिरात जुन्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, टाकलेली स्लॅब हवन चालू असताना खचली आणि 36 माणसं गेली. तिथल्या रहिवाशांनी बांधकामाविरुद्ध आधीच तक्रारी केल्या होत्या, हे मागाहून वर्तमानपत्रांत वाचलं. म्हणून मी विरोधकांना 'सरकारी कागदावर विश्वास ठेवा' असं म्हणणार नाही. पण त्या घटनेतून आपण काय घ्यायचं? तिथे बांधकाम झालं हाच दोष होता, की खाली काय आहे ते कोणी वाकून पाहिलं नाही हा? आपल्याही कोपऱ्यावरच्या बंगल्यात एक जुनी विहीर आहे, फरशी टाकून बंद केलेली. आम्हा दहा-बारा जुन्या लोकांना माहीत आहे, बिल्डरच्या नकाशात ती नाही. अडीच तासांत तिचा उल्लेख एकाही वक्त्याने केला नाही! संस्कृती आली, शांतता आली, भाव आला, विहीर आली नाही. अविश्वास असेल तर तो असा कामाला लावावा. विरोधाचा ठराव करून मोकळं झालं की विहिरीकडे बघणारं कोणी उरत नाही.

संस्कृतीवरून आठवलं. एक गृहस्थ म्हणाले, उंच इमारती ही आपल्या इंदूरची संस्कृती नव्हे. हेच गृहस्थ बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला पहिल्यांदा राजवाडा दाखवायला नेतात. सात मजली! खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी.

आता तो मुद्दा ज्याला मी यत्किंचितही मान देणार नाही: 'कोण कुठली माणसं येतील.' भाडेकरू येतील, एकटी मुलं येतील, 'आपल्यातले' नसतील. हे ऐकताना मला माझ्या भावाच्या मुलाची आठवण झाली. पुण्यात नोकरी लागली तेव्हा दीड महिना तो खोली शोधत होता. लग्न झालंय का? मित्र येणार का? रात्री किती वाजता येता? दर रविवारी फोनवर त्याची कहाणी ऐकून आमच्या वहिनी त्या अनोळखी घरमालकांना जी विशेषणं लावत, ती मी विसरलेले नाही. त्याच वहिनी परवा माइकवर म्हणाल्या, "बॅचलर नकोत." अहो, आपली बेंगळुरूतली, पुण्यातली पोरं कोणाच्या तरी मल्टीतले 'कोण कुठले' आहेतच ना? आणि फार मागे जायचं तर या माळव्यात आपण तरी कोण होतो? होळकरांच्या पाठोपाठ दक्षिणेतून आलेली, वेगळी भाषा बोलणारी, भातावर वरण-तूप घेणारी माणसं. माळव्याने आपल्याला विचारलं नाही की तुम्ही आमच्यातले का. पोह्यावर शेव टाकली आणि बशी पुढे केली.

या भीतीची किंमत आपण एकदा चुकवली आहे, आणि त्यात माझीही सही होती, म्हणून ते सांगणं भाग आहे. पंधराएक वर्षांपूर्वी कॉलनीच्या टोकाच्या मोकळ्या जागेवर मुलींचं हॉस्टेल निघणार होतं. आपण हडबडलो. आज मुली येतील, उद्या त्यांच्यामागे मुलं येतील, परवा मोटरसायकली येतील, अशी ती साखळी. सह्या गोळा झाल्या, निवेदन गेलं, माणसं भेटली, आणि आपण जिंकलो. मंदिरात पेढे वाटले होते, मी खाल्ला होता. दोन वर्षं त्या जागेवर गाजरगवत माजलं. मग एक दिवस तिथे मॅरेज गार्डन उभं राहिलं. तेव्हा कोणी आपल्याला विचारलंही नाही, कारण तोवर निवेदन लिहिणारे दोघे गेले होते आणि उरलेल्यांची धावपळ करण्याची उमेद संपली होती. आता लग्नसराईत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. फाटकासमोर आडव्या लावलेल्या गाड्या, घोडी, फटाके, आणि डीजेच्या ठोक्याबरोबर आमच्या काचेच्या कपाटातले कप एकमेकांवर वाजतात. हॉस्टेलच्या मुली रात्री अभ्यास करत बसल्या असत्या. त्यातली एखादी आमच्या गल्लीतल्या काकूंकडे खोली भाड्याने घेऊन राहिलीही असती.

'नको' म्हणणं हा निर्णय वाटतो, पण तो फक्त एका गोष्टीपुरता असतो. पुढे काय येणार याचा निर्णय मग दुसरं कोणी घेतं.

याच शहरात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने दुसरी वाट दाखवली होती आणि आपण ती विसरलो आहोत. पॅट्रिक गेडेस हा स्कॉटलंडचा नगररचनाकार. होळकर दरबाराने त्याला बोलावलं आणि 1918 मध्ये त्याचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दिवस प्लेगचे. त्या काळचा सरकारी उपाय म्हणजे दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा, मध्ये येतील ती घरं पाडायची. गेडेसला हे मान्य नव्हतं. तो पायी गल्ल्यागल्ल्यांतून फिरायचा, कुठलं घर ठेवायचं, कुठली पडकी भिंत काढली की उजेड येईल, कुठे चार हात जागा मोकळी केली की मुलं खेळतील, हे बघायचा. कमीत कमी चिरायचं आणि जगेल ते जगवायचं, ही त्याची रीत. त्याची दिवाळीच्या मिरवणुकीची गोष्ट तर फारच नामी आहे. मिरवणूक ठरलेल्या वाटेने न नेता, ज्या वस्तीने आपली घरं आणि गल्ल्या सर्वांत चांगल्या झाडून-डागडुजी करून ठेवल्या असतील तिथून जाईल, असं त्याने जाहीर केलं. गावभर झाडझूड सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिकृती होती, आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, हारतुरे घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. स्वच्छतेत पहिल्या नंबरची टिमकी वाजवणाऱ्या आपल्या शहराला ही गोष्ट रोज सांगायला हवी, पण ते असो. माझा मुद्दा वेगळा आहे. 'पाडा' आणि 'हात लावू नका' या दोन टोकांच्या मधे काम करायला चालावं लागतं, वाकून बघावं लागतं. राजवाड्याच्या आसपास रस्ते रुंद करताना अलीकडच्या वर्षांत अर्धीअर्धी कापलेली जुनी घरं मी पाहिली आहेत, जिन्याची वरची चौकट हवेत लोंबकळणारी. त्यामुळे पाडणाऱ्यांविषयीची भीती मला समजते. पण त्यावरचा उतारा गेडेससारखं फिरणं हा आहे, मंदिराच्या हॉलमध्ये हात वर करणं हा नव्हे.

तर फिरून आल्यावर मला काय दिसलं? आपण मजले मोजतोय आणि मोजायला हव्यात खोल्या. बिल्डरच्या नकाशात 16 च्या 16 फ्लॅट तीन बेडरूमचे आहेत. चार मजल्यांवर ओरड झाली, खोल्यांवर एका माणसाने तोंड उघडलं नाही. तीन बेडरूमचा फ्लॅट कोण घेणार? आपल्यासारख्यांना तो झेपणार नाही आणि झाडायलाही होणार नाही. नुकती नोकरी लागलेली शिक्षिका, दवाखान्यातली नर्स, पहिलं मूल झालेलं जोडपं, यांना परवडणार नाही. घेईल तो पैसे गुंतवणारा, आणि कुलूप लावून निघून जाईल. बायपासकडे नव्या मल्ट्यांमध्ये रात्री किती मजले काळे दिसतात ते जाता-येता बघा. तशी मल्टी आली तर विरोधक बरोबर ठरतील, फक्त त्यांनी दिलेल्या कारणांसाठी नाही. बंद बंगल्यांच्या शेजारी बंद फ्लॅट, शुकशुकाट आडवा होता तो उभा झाला, एवढंच. म्हणून माझी मुख्य अट ही की निम्मे फ्लॅट एक आणि दोन खोल्यांचे हवेत, आणि त्यातले काही कॉलनीतल्या जुन्या रहिवाशांना आधी विचारून.

कारण आणखी एक गोष्ट आपण एकमेकांपासून लपवतो. आपल्यातल्या किती जणांनी स्वतःच्या घराचा वरचा मजला गेल्या वर्षभरात पाहिला आहे? आमच्या गल्लीतले एक निवृत्त प्राध्यापक गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की रस्त्यावरून जाणाऱ्या पोराला हाक मारतात आणि वर पाठवतात. वरच्या दोन खोल्या कपाटं, गाद्या आणि मुलांच्या ट्रॉफ्यांनी भरल्या आहेत आणि खाली माणसं एका खोलीत पलंग, टीव्ही आणि औषधांचा डबा घेऊन जगताहेत. अशांना कॉलनीतच, त्याच भाजीवाल्याच्या आणि त्याच मंदिराच्या टप्प्यात, लिफ्ट असलेलं छोटं घर मिळालं तर? ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहती आहेत, पुण्यात 'अथश्री' आहे, आपल्यातले काही तिथे गेलेही. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण पंचाहत्तरीत गाव बदलायचं म्हणजे डॉक्टरपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळं नव्याने जमवायचं. आणि नुसत्या म्हाताऱ्यांमध्ये राहायचं, तर ते आपण इथे करतोच आहोत, त्याला पुणं कशाला? केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने 2019 मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. चाकांची खुर्ची जाईल अशा वाटा आणि लिफ्ट, न घसरणारी फरशी, बाथरूममध्ये आधाराच्या दांड्या, अशा साध्या गोष्टी. आपली मल्टी काही त्या सदरात मोडत नाही, म्हणून बिल्डरला त्या बांधील नाहीत. पण करारात लिहून घ्यायला कोणी अडवलं आहे? बाथरूममधल्या एका दांडीची किंमत आणि खुब्याच्या ऑपरेशनचं बिल, हा हिशोब आपल्या गल्लीत आता सगळ्यांना येतो.

भाव वाढेल म्हणणाऱ्यांना एकच विचारते. वाढलेला भाव खाणार कोण? आपण विकून जाणार नसू तर घर एक कोटीचं झालं काय आणि चार कोटींचं झालं काय, पाऊस झाला की गळायचं तिथेच गळणार.

बैठक पुन्हा येत्या रविवारी आहे. मी विहिरीची जागा दाखवणारा एक जुना फोटो शोधून काढला आहे. माझ्या मुलाच्या मुंजीचा आहे, मागे रहाट दिसतो. तो घेऊन जाणार आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक लाकडी पट्टी आहे, तिला पाच खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एकेका शेजाऱ्याची चावी, पुठ्ठ्यावर नाव लिहून. काल संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या बाई सहावी चावी देऊन गेल्या, चार महिन्यांसाठी मुलाकडे चालल्या आहेत. सहावा खिळा मारायचा तर स्टुलावर चढावं लागतं, आणि हे म्हणाले, तू चढायचं नाहीस, मी तर नाहीच नाही. चावी सध्या फ्रिजवर आहे.